‘हेदाया’चा संदर्भ देण्याआधी

चांदूर रेल्वेसारख्या गावात राहून अभिजात इस्लामी कायद्यावर संशोधन करायचं म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: अरबी येत नाही, मग कसं? बरेच जण चार्ल्स हॅमिल्टन यांचं इंग्रजी ‘हेदाया’ डाउनलोड करतात आणि मोकळे होतात. जुनं, जाडजूड आणि फुकट. मग प्रबंधात बिनधास्त लिहिलं जातं, ‘इस्लामी कायद्यानुसार असं आहे.’ माझा आक्षेप या वाक्याला आहे.

हे पुस्तक आलं कुठून ते आधी बघा. मूळ अरबी ‘अल-हिदाया’ बुऱ्हानुद्दीन मर्गिनानी यांचं. ते ११९७ मध्ये वारले. हा हनफी परंपरेचा ग्रंथ. वॉरन हेस्टिंग्ज यांच्या पुढाकाराने मौलवींनी त्याचं फारसी भाषांतर केलं आणि त्यावरून हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये इंग्रजी केलं. फारसीत मौलवींनी समजावून सांगण्यासाठी घातलेला मजकूरही आहे. त्यामुळे मर्गिनानींचं वाक्य कुठं संपलं आणि खुलासा कुठं सुरू झाला, हे नुसतं इंग्रजी वाचून कळत नाही.

दुसरी गोष्ट गाळलेल्या भागाची. मूळ ग्रंथ सुरू होतो तहारत, म्हणजे शुद्धतेपासून. हॅमिल्टन यांचं पुस्तक सुरू होतं जकातपासून. नमाज, रोजा, हज यांची प्रकरणं त्यात नाहीतच, कारण कंपनीच्या कोर्टाला त्यांचं काम नव्हतं. हेच पुस्तक वाचणाऱ्याला वाटतं, फिक्ह म्हणजे लग्न, तलाक, खरेदी-विक्री आणि वक्फ. ही वाटणी मर्गिनानींची नव्हे, कोर्टाच्या गरजेची आहे.

तरी सगळा दोष हॅमिल्टनवर टाकू नका. सज्ञान मुलगी वलीशिवाय, म्हणजे पालकाशिवाय, लग्न करू शकते का? ‘हिदाया’त याचं एकच उत्तर नाही. अबू हनीफा हो म्हणतात. अबू युसूफ यांची दोन मतं नोंदली आहेत. मुहम्मद अल-शैबानी यांच्या एका मतानुसार असं लग्न पालकाच्या मंजुरीवर अवलंबून राहतं. हे मतभेद हॅमिल्टन यांच्या इंग्रजीतही आहेत. आपणच घाईत त्यांचं एक वाक्य करतो.

हा प्रश्न काही पुस्तकी नाही. शाफई मतानुसार अशा लग्नाला वली लागतोच. १८६४ मध्ये ‘मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद’ या मुंबईच्या खटल्यात, सज्ञान शाफई मुलीने हनफी मत स्वीकारून वडिलांच्या संमतीविना केलेलं लग्न वैध धरलं गेलं. म्हणजे कोणाचं मत लागू, यावर एका बाईचं लग्न टिकणार की नाही हे ठरत होतं. तुम्ही मात्र दोन्ही मतं ‘इस्लामी कायदा’ या एकाच डब्यात टाकता!

कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई. पण तिथेही तीच गत. नववी यांच्या ‘मिन्हाज’चं १९१४ चं हॉवर्डकृत इंग्रजी भाषांतर अरबीवरून नाही, तर व्हान डेन बर्ग यांच्या फ्रेंच भाषांतरावरून झालं आहे.

मग अरबी नसेल तर विषय सोडायचा का? अजिबात नाही. प्रश्न नीट मांडा. ‘वसाहतकाळात कोर्टाने हिदाया कसं वापरलं’ या प्रश्नाला हॅमिल्टन हेच मूळ साधन आहे. ‘मर्गिनानी काय म्हणतात’ हा प्रश्न असेल, तर ते पुरणार नाही. इम्रान अहसान खान न्याझी यांचं २००६ पासून निघालेलं भाषांतर अरबीवरून केलेलं आहे, ते शेजारी ठेवा. आपल्या वऱ्हाडात उर्दू जाणणारे कमी नाहीत. उर्दू भाषांतर घेऊन त्यांच्यासोबत एकच प्रकरण ओळीने वाचा. वली, मेहर, वक्फ हे शब्द मूळ रूपातच ठेवा, आणि प्रत्येक तळटीपेत लिहा: कोणाचं भाषांतर, कुठल्या भाषेवरून, कुठल्या साली.

अरबी शिकायला वेळ लागेल, लागू द्या. ही तळटीप मात्र आजच लिहिता येते.