प्रवासवर्णनातील ‘आम्ही’

दांडिया बाजारातील आमच्या एका निवृत्त स्नेह्यांनी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील तीन महिन्यांच्या सपत्नीक प्रवासाची हकीकत लिहून काढली आणि ती छापण्याजोगी आहे किंवा कसे, हे पाहण्यासाठी आमच्याकडे धाडली. हस्तलिखित एकशेचाळीस पृष्ठांचे आहे. मिलफर्ड साउंडचे धबधबे, क्वीन्सटाउनचे सरोवर, डनेडिनचे रेल्वेस्थानक, सिडनीचे बंदर ही स्थळे त्यात यथास्थित आली आहेत. शिखरांच्या उंच्या आहेत, हॉटेलांचे दरही आहेत. बहुतेक वाक्यांचा कर्ता ‘आम्ही’ आहे. परंतु या ‘आम्ही’तील दुसरे माणूस कसे होते, याचा वाचून झाल्यावरही थांग लागत नाही. वहिनी या हकीकतीत सहा वेळा भेटतात. त्यांपैकी चार वेळा त्या दमलेल्या आहेत. छायाचित्रांत मात्र त्या सर्वत्र आहेत.

दोष एकट्या आमच्या स्नेह्यांचा नव्हे. मराठीने ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद राखला आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. आणि प्रवासवर्णनकाराच्या हाती हे सर्वनाम पडले की जिला विचारलेले नाही अशी व्यक्ती आत ओढली जाते. (आम्हीही याच सर्वनामाने लिहितो, तेव्हा हा आरोप काहीसा स्वतःवरही येतो, हे मान्य आहे.) आमच्या धंद्यात, घटनेस दोन साक्षीदार हजर असून एकाचीच जबानी झाली, तर दुसऱ्यास का बोलावले नाही, हा प्रश्न उभा राहतो. हाताशी असलेला पुरावा पुढे आणला नाही, तर तो न आणणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता असे गृहीत धरण्याची मुभा कायदा न्यायाधीशास देतो. समीक्षकाने इतके कठोर होऊ नये. पण प्रश्न विचारावा.

बडोद्यात तो विचारणे विशेष उचित आहे. १८८७ मध्ये सयाजीराव महाराज प्रथम युरोपास निघाले, तेव्हा महाराणी चिमणाबाई त्यांच्या सोबत होत्या. लग्नास दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. देवासच्या घाटग्यांची ही कन्या तोवर पडद्यात राहिलेली. इटली, स्वित्झर्लंड, फ्रान्स, इंग्लंड असा तो प्रवास. आणि त्यानंतरही त्या दांपत्याची अर्धी हयात बोटीवर व परमुलखात गेली. महाराजांनी काय पाहिले, याची साक्ष या नगरात पावलोपावली मिळते. लक्ष्मीविलासच्या दरबार हॉलमध्ये व्हेनिसच्या कारागिरांचे मोझेक आहे, फेलिची या इटालियन शिल्पकाराचे पुतळे आहेत. सयाजीबागेच्या संग्रहालयात युरोपीय चित्रे आहेत. १९०६ साली अमेरिका पाहून आल्यावर तेथील ग्रंथपाल बॉर्डेन यांना १९१० मध्ये त्यांनी बडोद्यास आणले आणि गावोगावच्या वाचनालयांचा पाया घातला. स्वतःच्या दिनक्रमाविषयी १९०१ साली त्यांनी एका इंग्रजी मासिकात लेखही लिहिला.

महाराणींची जबानी कोठे आहे? ती १९११ साली लंडनमध्ये निघाली: हिंदी स्त्रियांच्या स्थितीवरील एक इंग्रजी ग्रंथ, सहलेखक सिद्धमोहन मित्र. परदेशातील स्त्रिया कोणकोणते उद्योग करतात, शेती, गृहव्यवसाय, संस्थांचा कारभार कसा पाहतात आणि आपल्याकडे त्यांतील काय करता येईल, याची ती तपशीलवार मांडणी आहे. हेतू थोर आहे, आणि १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पुण्याच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे यावे, हे त्या ग्रंथाशी सुसंगतच होते. तथापि साहित्य म्हणून पाहता आमची निराशा होते. समुद्र नाही, इटलीचे ऊन नाही, पडद्यातून आलेल्या तरुण मुलीस परक्या शहरातल्या उघड्या रस्त्यावर प्रथम चालताना काय वाटले, ते नाही. महाराजांना सौंदर्य पाहून आनंदण्याची मोकळीक होती. महाराणींना आपला प्रवास उपयुक्त ठरवून दाखवावा लागला, असे आम्हांस वाटते. शिवाय ते पुस्तक मराठीत नव्हते.

मराठीत परदेशी गेलेल्या स्त्रीचा स्वर प्रथम मोकळा ऐकू आला, तो पती जवळ नसताना. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये एकट्या अमेरिकेस गेल्या आणि त्यांची पत्रे उरली. पंडिता रमाबाईंनी वैधव्यात अमेरिका पाहिली. १८८९ चे त्यांचे प्रवासवृत्त आजही ताजे आहे. अपवाद पार्वतीबाई चिटणवीस यांचा. १९१५ च्या त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘आमचा जगाचा प्रवास’. येथे ‘आमचा’ म्हणणारी स्त्री आहे. हा पायंडा पुढे रुळला असता तर!

तो फारसा रुळला नाही, याचे सर्वांत लोभस उदाहरण म्हणजे पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ (१९६३). जावा, बाली, जपान या पुस्तकाने मराठी घरांत आणून ठेवले, आणि त्याच्या प्रसन्नतेविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु १९९० मध्ये सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ आले आणि त्या ‘आम्ही’त केवढी तीक्ष्ण, निर्भीड दृष्टी दुसऱ्या खुर्चीवर बसली होती, हे उमगले. तेव्हापासून बालीचे प्रकरण वाचताना दुसऱ्या बालीची हुरहुर लागते. ती बाली कोणी लिहिली नाही.

पुन्हा हस्तलिखिताकडे. त्याच्या शेवटी, ‘सौ.च्या टिपणवहीतून’ या शीर्षकाखाली, चार पृष्ठे पुरवणीदाखल जोडली आहेत. त्यांत वहिनी लिहितात की डनेडिनला स्वयंपाकघरात ऊन उत्तरेच्या खिडकीतून येई, आणि देवाला दिवा लावताना रोज दिशा चुकल्यासारखे होई. आठवडाभराने मात्र घरी परतल्यावर दक्षिणेचे ऊन परके वाटेल की काय, अशी भीती वाटू लागली. दक्षिण गोलार्धात सूर्य माध्यान्ही उत्तरेस असतो, हे आमच्या स्नेह्यांनी बाराव्या पृष्ठावर भूगोलाच्या पुस्तकासारखे नमूद केले आहेच.

आम्ही हस्तलिखित परत केले आहे. ती चार पृष्ठे आरंभी घ्यावीत, टिपणवही सबंध मागवावी आणि मुखपृष्ठावर दोन नावे असावीत, असे सोबतच्या पत्रात लिहिले आहे. पत्र दोघांच्या नावे घातले. उत्तर अद्याप आलेले नाही.