बंदरावरचा सूर्य आणि कोळीण

समुद्र नागपूरपासून शेकडो मैल दूर. आमची जलयात्रा अंबाझरीच्या काठावर संपते. त्यामुळे बंदरे मी पाहिली ती प्रथम चित्रांतच. क्लोद मोनेचे ल आव्र बंदरावरील सूर्योदयाचे चित्र जुन्या मासिकातील काळ्यापांढऱ्या प्रतिकृतीत पाहिले. धुके दिसले, होडी दिसली. ज्याच्यासाठी चित्र काढले तो सूर्य मात्र जवळजवळ नाहीसा झाला होता! मी मनातल्या मनात छापखान्याला दोष दिला. पुढे कळले, की छापखाना निर्दोष होता. १८७२ सालच्या त्या चित्रात नारिंगी सूर्य भोवतीच्या करड्या-निळ्या आभाळाइतकाच उजळ आहे. तो तळपतो तो नारिंगी नि निळा यांच्या वैरामुळे. उजेड वेगळा आणि रंग वेगळा, हा धडा मला त्या हरवलेल्या सूर्याने दिला.

तो धडा घेऊन मी बी. प्रभा यांच्या कोळणींकडे पुन्हा वळलो. प्रभाबाई आमच्याच मुलखातल्या. १९३३ साली नागपूरजवळच्या बेला गावी जन्मल्या; नागपूरच्या कलाशाळेत शिकल्या, मग मुंबईच्या जे. जे. मध्ये गेल्या. समुद्र त्यांनाही जन्मजात नव्हता. मोनेच्या बंदरात माणसे म्हणजे दोन-चार काळसर फटकारे. प्रभाबाईंच्या चित्रांत उंच, लांबट बांध्याच्या कोळणी पुढे येतात आणि बंदर मागे विरते. पुष्कळदा साऱ्या चित्रावर एकाच रंगाचा अंमल असतो. त्या रंगाच्या फिक्या-गडद पायऱ्यांतूनच उजेड पाझरतो.

एवढ्या देखण्या रंगात दारिद्र्य गोड होऊन जाते, असा आक्षेप घेता येईल. मीही तो बराच काळ घेत असे. आणि काही चित्रांत डौलाची सवय जडली आहे, हे आजही नाकारणार नाही. परंतु मोनेचा उजेड क्षणाचा आहे. घटकाभराने तो पालटणार. प्रभाबाईंचा रंग पालटत नाही. सकाळ की सांज, ते तो सांगतच नाही. जिला टोपली रोजच उचलावयाची, तिची सकाळ कोणती नि सांज कोणती? कोळणीच्या अंगावरचा तो एकच रंग म्हणजे तिचा न सरणारा दिवस आहे. हे ध्यानात आले आणि माझा आक्षेप लुळा पडला.

प्रभाबाई २००१ साली गेल्या. अंबाझरीवर सूर्य कलला, की पाण्याची झळाळी पाहून मन अजून हरखते. पण काठावर जाळे झाडणारा कोणी आहे का, हे डोळा आता आधी शोधतो.