बंडाच्या खालची पायरी : 'द गोलेम्स आय'मधील वर्गरचना

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी अद्भुतरम्य कादंबऱ्यांत जुलमी सत्ता आणि तिच्याविरुद्धचे बंड हे आशयसूत्र वारंवार आढळते. त्यांतील समाजरचना बहुधा दुपदरी असते : वर सत्ताधारी, खाली पीडित आणि पीडितांमधून उभा राहणारा एखादा असामान्य नायक. जोनाथन स्ट्राउड यांच्या 'बार्टिमियस' मालिकेतील दुसरी कादंबरी 'द गोलेम्स आय' (२००४) या मांडणीला छेद देते. बंडखोर स्वतः कोणाच्या श्रमावर उभे आहेत, हा तिचा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाच्या अनुषंगाने तिच्यातील वर्गरचनेचा विचार येथे करावयाचा आहे.

कादंबरीतील लंडन कल्पित इतिहासातले आहे. ग्लॅडस्टन येथे पराक्रमी जादूगार ठरतो आणि १८६८ मध्ये प्राग जिंकून ब्रिटिश साम्राज्याचा पाया भक्कम करतो. मंत्रिमंडळ, पोलीस, न्यायालये सर्व जादूगारांच्या हाती आहेत. सामान्यजनांच्या वाट्याला श्रम आणि सैन्यातील भरती येते. मात्र या जादूगारांच्या अंगी स्वतःची शक्ती मुळीच नाही. मंत्रविद्येच्या बळावर ते जिन्नांना त्यांच्या जगातून खेचून आणतात आणि शिक्षेच्या धाकाने राबवून घेतात. समाज दुपदरी दिसत असला तरी वस्तुतः तिपदरी आहे आणि तिसरा पदर माणसांच्या हिशेबातच धरला जात नाही.

ही रचना निवेदनपद्धतीतही उतरली आहे. तरुण जादूगार नॅथॅनिएल आणि बंडखोर किटी जोन्स यांची प्रकरणे तृतीयपुरुषी निवेदनात येतात. 'मी' म्हणून बोलण्याचा अधिकार केवळ बार्टिमियस या गुलाम जिन्नाला आहे. त्याचे निवेदन तळटीपांनी भरलेले आहे. साम्राज्यांच्या उदयास्ताची साक्ष, धन्यांच्या फजित्या, स्वतःविषयीच्या फुशारक्या हे सारे त्या टीपांत येते. अधिकृत इतिहासात ज्याला स्थान नाही, त्याची स्मृती पानाच्या तळाशी नांदते. तळटीप हे विद्वत्तेचे साधन. ते गुलामाच्या हाती देण्यात स्ट्राउड यांचा उपरोध सूचक आहे.

किटीच्या बंडाचे कारण क्षुल्लक वाटावे असे आहे. खेळताना क्रिकेटच्या चेंडूने एका जादूगाराच्या गाडीची काच फुटते. सूड म्हणून सोडलेल्या मंत्रशक्तीने तिचा मित्र याकोब कायमचा विद्रूप होतो. किटी न्यायालयात जाते, तर दंड तिलाच भरावा लागतो. याकोबचे कुटुंब मात्र तक्रारीला तयार होत नाही, कारण त्यांचा व्यवसाय जादूगार गिऱ्हाइकांवर अवलंबून आहे. सत्ता धाकाइतकीच उपजीविकेच्या गरजेवर टिकते, हे लेखकाने येथे मोजक्या तपशिलांतून दाखविले आहे.

पुढे किटी ज्या प्रतिकार-गटात सामील होते, त्याची विसंगती येथूनच उलगडते. गटाची शस्त्रे ही जादूगारांकडून चोरलेली मंत्रसिद्ध वस्तू आहेत आणि त्यांचे सामर्थ्य बंदिस्त अमानवी जीवांचे आहे. स्वातंत्र्याची भाषा बोलणारे हे तरुण त्या जीवांना जादूगारांच्याच शब्दाने 'सैतान' म्हणतात. ग्लॅडस्टनच्या थडग्यावरील धाडीत गटाचा जवळजवळ संहार होतो, तोही तेथे राखणीस जखडून ठेवलेल्या अफ्रीताच्या हातून. त्या धाडीमागे सत्ताधारी वर्गातीलच एकाचा डाव होता, हे 'टॉलेमीज गेट' (२००५) मध्ये स्पष्ट होते. शत्रूची साधने व शब्द वापरणारे बंड अखेरीस शत्रूच्याच पटावरील सोंगटी ठरते.

कैदेतील किटी आणि तिच्यावर पहारा ठेवणारा बार्टिमियस यांचा संवाद म्हणून निर्णायक आहे. आपण ज्याला शत्रूचा हस्तक समजत होतो तोही पारतंत्र्यात आहे, ही जाणीव तिला प्रथमच होते. शेवटी बार्टिमियस तिच्या मृत्यूची खोटी बातमी धन्याला देऊन तिला निसटू देतो. शीर्षकातील गोलेम ही या नात्याची विरुद्ध बाजू होय. तो मातीचा, मुका. त्याच्या कपाळावरील डोळ्यातून पाहतो तो त्याचा धनी. राबणाऱ्याची दृष्टीसुद्धा हिरावून घेतलेली गुलामी याहून समर्पक प्रतिमेत क्वचितच आली असेल.

भारतीय वाचकाला येथे डॉ. आंबेडकरांनी मांडलेली श्रेणीबद्ध विषमता आठवणे स्वाभाविक आहे. प्रत्येक पायरीवरच्याला आपल्याखाली कोणी असल्याचे समाधान मिळते आणि त्यामुळे पीडितांचा एकत्रित उठाव अवघड होतो. तथापि हे साम्य ताणू नये. १९१६ च्या निबंधात आंबेडकरांनी जातीचे मर्म सजातीय विवाहात पाहिले. स्ट्राउड यांच्या जादूगारांचे वारस रक्ताचे नसतात. लहान मुले जन्मदात्यांपासून तोडून, त्यांचे मूळ नाव पुसून शिष्य केली जातात. ही सत्ता वंशाची नसून ज्ञानाच्या मक्तेदारीची आहे.

म्हणूनच कादंबरीतील एक उणीव खटकते. किटी व तिच्या साथीदारांना जादूविरुद्ध उपजत प्रतिकारक्षमता लाभलेली आहे. जन्मसिद्ध विशेषाधिकार नाकारणाऱ्या कथेला बंडासाठी पुन्हा जन्माचाच आधार घ्यावा लागतो. असे असले तरी किटीचे खरे परिवर्तन त्या देणगीमुळे घडत नाही. ते घडते आपल्याखालच्या पायरीवरील आवाज ऐकल्याने. बंडाची कसोटी वरच्याला खेचण्यात जितकी, तितकीच खालच्याला ओळखण्यात आहे, हे या कादंबरीचे कुमारसाहित्याला मिळालेले मोलाचे देणे होय.