इनलाइन असेंब्ली आणि ऑप्टिमायझेशनवरील आरोप

ऑप्टिमायझेशन बंद ठेवले असता आज्ञावली बरोबर चालते व ते चालू करताच बिघडते, तस्मात् दोष कंपायलरचा, असा युक्तिवाद इनलाइन असेंब्ली वापरणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येतो. त्यातील निरीक्षण बहुधा खरे असते. निष्कर्ष मात्र क्वचितच टिकतो. कंपायलरांतही दोष असतात हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, ह्या प्रकारच्या तक्रारींत आरोपी चुकीचा धरला जातो.

जीसीसीच्या विस्तारित ‘एएसएम’ विधानात आज्ञांचा एक साचा असतो आणि त्यामागून निर्गम, आगम व बाधित वस्तू ह्यांच्या याद्या येतात. कंपायलर साच्यातील आज्ञांचा अर्थ लावीत नाही. रिकाम्या जागी रजिस्टरांची नावे घालून तो मजकूर असेंब्लरच्या स्वाधीन करतो, एवढेच. त्याला जे काही कळते ते याद्यांतून कळते. याद्या खोट्या असतील तर त्यांवर आधारलेले त्याचे तर्कशुद्ध अनुमानही खोटे ठरणार.

स्मृतीतील मजकूर एका जागेहून दुसरीकडे नेणारी ‘रेप मूव्हएसबी’ ही आज्ञा घ्यावी. आरडीआय, आरएसआय व आरसीएक्स ही तिची तीन रजिस्टरे नवशिका लेखक केवळ आगम म्हणून नोंदवितो आणि पुढे काहीच लिहीत नाही. वस्तुतः आज्ञा पुरी होताना आरसीएक्स शून्य झालेले असते, उरलेली दोन पुढे सरकलेली असतात व स्मृतीही बदललेली असते. ऑप्टिमायझेशन नसता प्रत्येक चल स्टॅकवर ठेवला जातो व प्रत्येक विधानापूर्वी पुन्हा वाचला जातो, म्हणून ही असत्य नोंद पचून जाते. ‘ओ-२’ पातळीवर मात्र कंपायलर लांबीची संख्या अद्याप आरसीएक्समध्येच आहे असे समजून ती तेथूनच घेतो. तसेच गंतव्य स्थानाचे पूर्वी वाचलेले मूल्य पुन्हा न वाचता वापरतो. आज्ञावली आधीपासूनच सदोष होती. ऑप्टिमायझेशनने ती उघडी पाडली.

अशा वेळी ‘व्होलाटाइल’ हा शब्द जोडण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो, तो येथे सर्वस्वी निष्फळ आहे. निर्गम नसलेले विधान जीसीसी मुळातच ‘व्होलाटाइल’ मानते. शिवाय त्या शब्दाने विधान वगळले जात नाही, एवढीच हमी मुख्यत्वे मिळते. रजिस्टर बदलले ह्याची वर्दी मिळत नाही. तिन्ही रजिस्टरे वाचन-लेखन अशी नोंदवून बाधित वस्तूंत ‘मेमरी’ लिहिणे हाच उपाय.

दोष शोधताना मूल्य छापून पाहण्याची सवयही घातक आहे. छापणाऱ्या फलनाला हाक मारताच कंपायलरला आरसीएक्ससारखी रजिस्टरे बाधित मानावी लागतात व पुष्कळशी स्मृतीही पुन्हा वाचावी लागते. परिणामी दोष पाहू जाता नाहीसा होतो. त्यापेक्षा ‘एस’ पर्यायाने निघणारी असेंब्ली वाचावी. ‘एपीपी’ व ‘नो-एपीपी’ ह्या खुणांमध्ये आपला मजकूर सापडतो. त्याच्या पुढच्या चार-सहा ओळींत कोणते रजिस्टर अबाधित गृहीत धरले आहे हे पाहिले की बहुतेक उलगडा होतो.

तथापि सारा दोष लेखकाच्या माथी मारणेही प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही. ज्या कराराची सत्यता तपासण्याचे साधन एका पक्षाकडे मुळीच नाही, तो करार रचनेनेच नाजूक होय. मायक्रोसॉफ्टचा ३२ बिटी कंपायलर अशा विधानातील आज्ञा स्वतः वाचीत असे व वापरलेली रजिस्टरे ओळखीत असे; पण एक्स-६४ साठी त्या कंपनीने ही सोयच ठेवली नाही.

संशोधकाला खरे भय आज्ञावली कोसळण्याचे नाही. कालमापनाच्या ‘आरडीटीएससी’ आज्ञेचा निकाल दोन रजिस्टरांत विभागलेला येतो. ३२ बिटी यंत्रावर ‘ए’ (मोठे अक्षर) हे बंधन ती जोडी दर्शवी. ६४ बिटी यंत्रावर तेच बंधन आरएएक्स किंवा आरडीएक्स ह्यांपैकी एकच देते. आरएएक्स मिळाले तर खालचे ३२ बिट हाती येतात, आणि गणक ३ गिगाहर्ट्‌झ वेगाने चालत असेल तर सुमारे १.४ सेकंदांनी ते पुन्हा शून्यावर येतात. त्याहून लहान मापने बहुतांशी बरोबर दिसतात, आणि अधूनमधून चुकलेला आकडा अपवाद म्हणून कोष्टकातून गाळला जातो.