भज्जू श्याम यांचे प्राणी आणि शालेय चित्रकलेचा तास

समकालीन परधान गोंड चित्रकारांपैकी भज्जू श्याम यांची चित्रे शालेय चित्रकला अध्यापनात अलीकडे आवर्जून वापरली जातात. त्यामागचा हेतू चांगलाच आहे; पाश्चात्त्य पद्धतीच्या वस्तुचित्रणापलीकडे एक समृद्ध परंपरा या देशात जिवंत आहे, हे मुलांना त्यातून कळते. परंतु अध्यापनाची रूढ रीत तपासण्याजोगी आहे. शिक्षक फळ्यावर हरणाची बाह्यरेषा काढून देतात, मुले ती उतरवून घेतात, शिंगांना फांद्या फुटतात आणि उरलेला वेळ शरीर ठिपक्यांनी व बारीक रेषांनी भरण्यात जातो. तासाअखेर चाळीस देखणी हरणे तयार होतात. ती एकमेकांसारखी असतात, ही बाब कोणाला फारशी खटकत नाही.

भज्जू श्याम यांचे प्राणी मात्र असे तयार झालेले नाहीत. मध्य प्रदेशातील डिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढचा हा चित्रकार 2002 साली एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यासाठी लंडनला गेला. त्या सुमारे दोन महिन्यांच्या वास्तव्यातून ‘द लंडन जंगल बुक’ हे चित्रपुस्तक सिद्ध झाले व चेन्नईच्या तारा बुक्सने ते 2004 मध्ये प्रसिद्ध केले. त्यात विमान म्हणजे उडणारा हत्ती आहे, कारण एवढे जड धूड आकाशात जाणे हत्ती उडण्याइतकेच अशक्य वाटते. रोज ठरल्या ठिकाणी नेऊन सोडणारी बस इमानी कुत्रा होते. गावात वेळ कोंबडा सांगतो, लंडनमध्ये बिग बेन. म्हणून कोंबडा आणि मनोरा एकाच आकृतीत मिसळतात. प्राणी येथे अलंकरणाचा विषय राहत नाही. अनोळखी वस्तू ओळखीची करून घेण्याचे ते साधन आहे. (शीर्षकातून किपलिंगला दिलेले मिस्कील उत्तर वेगळ्या लेखाचा विषय ठरेल.)

मग रेषाभरण अगदीच गौण मानावे काय? तसेही म्हणता येत नाही. जनगढसिंह श्याम यांनी 1980 च्या दशकात, भोपाळच्या भारत भवनात जगदीश स्वामीनाथन यांच्या प्रोत्साहनाने, भिंतीवरची चित्रसृष्टी कागदावर आणली. भज्जू श्याम त्यांचे पुतणे. काकांच्या आकृत्या बारीक रेषांनी भरण्यापासूनच त्यांची उमेदवारी सुरू झाली. म्हणजे भरणे हा या परंपरेतला शिकण्याचा खरा दरवाजा आहे. पण उमेदवाराने त्यातून पुढे स्वतःचा रेषाबंध शोधावा, ही अपेक्षा असते. जनगढ यांच्यानंतरच्या बहुतेक चित्रकारांचा रेषाबंध वेगळा असून जाणकार त्यावरून चित्रकार ओळखतात. तो त्यांची सहीच आहे. शाळेत मुले करतात तो दुसऱ्याच्या सहीचा सराव होय.

या गोंधळाचे मूळ वर्गीकरणातही असावे. महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांमुळे संकल्पचित्र आणि स्मरणचित्र हे दोन कप्पे येथील शिक्षकांच्या मनात पक्के आहेत. गोंड प्राणी सहजच संकल्पचित्राच्या कप्प्यात जातो. दिलेला आकार सुंदर भरणे, एवढेच त्याचे काम उरते. वास्तविक त्याचे नाते स्मरणचित्राशी अधिक जवळचे आहे. कोंबडा पहाटे आरवतो, हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे त्यालाच मनोऱ्यात कोंबडा दिसतो. शिवाय या चित्रांत बाह्यरेषा हेच कल्पनेचे ठिकाण असते, कारण दोन वस्तू तेथेच एकमेकींत शिरतात. ती आयती दिली की मुलाकडे विचार करण्यासारखे काही राहत नाही.

यापेक्षा मुलांना आधी विचारावे की घरातला मिक्सर कोणता प्राणी आहे, लिफ्ट कोणता, रिक्षा कोणता, आणि तो का. ‘का’ सांगता आल्याशिवाय पेन्सिल हाती घेऊ नये. शहरी मुलाने साजाचे झाड, त्यात वसणारा बडादेव किंवा परधानांचे बाना हे वाद्य आपलेच असल्याचा आव आणण्याचे कारण नाही. त्यांची माहिती मात्र चित्रकाराच्या नावागावासह त्याला द्यायला हवी. लंडनमध्ये भज्जू श्याम यांनीही समोरचे शहरच रंगविले, फक्त ते पाटनगढच्या डोळ्यांनी पाहिले. अशा तासाला निघणारी चित्रे ओबडधोबड होतील, कित्येक गोंड चित्रांसारखी दिसणारही नाहीत आणि स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात हरणांच्या रांगेपुढे फिकी पडतील. त्यांना गुण कसे द्यावेत, हा प्रश्न शिक्षकापुढे उरतोच. मुलाने सांगितलेले कारण चित्राखाली त्याच्याच शब्दांत लिहून घेतल्यास निदान मोजण्यासाठी काही हाती लागेल.