जलपदचिन्ह मोजण्याच्या पद्धती : कुकटपल्लीच्या संदर्भात एक चिकित्सा

एक किलो तांदूळ तयार होण्यास जागतिक सरासरीने २,४९७ लिटर पाणी लागते, हे वाक्य पर्यावरण विषयाच्या तासाला हमखास ऐकू येते. विद्यार्थी आकडा पाठ करतात. हे पाणी कोठले, कोणत्या महिन्यातले आणि ते घेतल्यामुळे कोणाच्या वाट्याचे कमी झाले, हे प्रश्न मात्र बाजूला राहतात. हा दोष केवळ अध्यापनाचा नाही, काही अंशी तो मोजणीच्या पद्धतीतच आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतींची चिकित्सा हैदराबादच्या कुकटपल्ली या उपनगराच्या संदर्भात केली आहे.

लंडनचे टोनी अ‍ॅलन यांनी १९९० च्या दशकात धान्याच्या व्यापारातून देशोदेशी जाणाऱ्या ‘आभासी पाण्या’ची कल्पना मांडली. तिचा आधार घेऊन २००२ साली नेदरलँड्सचे आर्येन हुकस्ट्रा यांनी वॉटर फूटप्रिंट, म्हणजेच जलपदचिन्ह, ही संज्ञा पुढे आणली. त्यांनी पाण्याचे तीन रंग कल्पिले. पावसाचे मातीत मुरलेले व पिकाने वापरलेले पाणी हिरवे. नदी, तलाव व भूगर्भातून घेतलेले पाणी निळे. आणि प्रदूषण मान्य मर्यादेपर्यंत विरळ करण्यासाठी जे लागेल ते करडे. या पद्धतीची पुस्तिका २०११ साली प्रसिद्ध झाली. तिचा मोठा गुण म्हणजे तिची एककसंहिता साधी आहे; लिटर कोणालाही समजतो. परंतु साधेपणा म्हणजे अचूकता नव्हे. याच विचारसरणीतील दोन अभ्यासांत साळीचे जागतिक सरासरी पदचिन्ह एका ठिकाणी टनामागे १,३२५ घनमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी १,६७३ घनमीटर येते. वर्षे आणि प्रतिमान बदलले की उत्तर बदलते, हे भित्तिपत्रकावर कोणी लिहीत नाही.

दुसऱ्या संप्रदायाचा आक्षेप याहून मूलगामी आहे. उत्पादनाच्या जीवनचक्राचा अभ्यास करणारे म्हणतात की कोकणातला एक लिटर आणि मराठवाड्यातला एक लिटर यांची बेरीज करणे निरर्थक आहे. स्टेफान फिस्टर व सहकाऱ्यांनी २००९ साली पाणीताणाचा निर्देशांक सुचवला, २०१४ साली आयएसओ १४०४६ हे मानक आले आणि २०१८ साली ‘अवेअर’ ही पद्धत प्रसिद्ध झाली. माणूस व निसर्ग यांची गरज भागल्यावर त्या क्षेत्रात किती पाणी उरते, हे पाहून ती प्रत्येक लिटराला ०.१ ते १०० पर्यंत वजन देते. हुकस्ट्रा यांनी २०१६ साली यावर कडक टीका केली. वजन दिल्यावर उरणारा आकडा प्रत्यक्ष पाण्याचा राहत नाही, आणि मुबलक पाण्याच्या प्रदेशातील उधळपट्टी नजरेआड होते, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र दोन्ही पद्धती एका प्रश्नावर सारख्याच अडखळतात, आणि तो प्रश्न कुकटपल्लीत स्पष्ट दिसतो.

१९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर बांधलेले उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) वाढत्या हैदराबादला पुरेनासे झाले. १९६५ पासून मांजरा, २००४ पासून कृष्णा आणि २०१५ च्या अखेरीस येल्लमपल्लीहून गोदावरी शहरात आली. कुकटपल्लीचे सांडपाणी मात्र नाल्यातून हुसेनसागराच्या दिशेने, पुढे मुसीत आणि वाडपल्लीजवळ कृष्णेत उतरते. आता हिशेब पाहावा. शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष दरडोई दररोज १३५ लिटरचा; त्यापैकी ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होते असे धरले जाते. व्याख्येनुसार जे पाणी त्याच खोऱ्यात परत जात नाही ते सर्व निळ्या पदचिन्हात धरायचे. म्हणून नळाचे पाणी कृष्णेचे असेल तर पदचिन्ह २७ लिटर, आणि गोदावरीचे किंवा तिची उपनदी मांजरा हिचे असेल तर पूर्ण १३५ लिटर. बादली तीच, आंघोळ तीच, आकडा पाचपट! शिवाय खोरे किती मोठे धरायचे यावरही उत्तर अवलंबून आहे. नागार्जुनसागरातून उचललेले पाणी धरणाच्या खाली परतते. लहान पाणलोट धरला तर कृष्णेचे २७ लिटरही पुन्हा १३५ होतात. दोन नद्या एकाच नळात मिसळल्यावर कोणता आकडा लावावा, हे घरातल्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही.

करड्या पाण्याची गोष्ट अधिक अवघड आहे. कुकटपल्ली नाला वस्तीच्या मैल्यासोबत औद्योगिक सांडपाणीही वाहून आणत आला आहे. करडे पदचिन्ह काढताना प्रदूषकाचा भार, मान्य प्रमाण व नैसर्गिक प्रमाण यांतील फरकाने भागतात. आणि अनेक प्रदूषक असतील तर सर्वांत मोठा आकडा देणारा एकच धरतात. बाकीचे गणितातून गळतात. रसायनांच्या मिश्रणाचा एकत्रित परिणाम या भागाकारात मावत नाही. दुसरे असे की हे विरळ करणारे पाणी कल्पनेतले आहे. ते कोणत्याच धरणातून सोडले जात नाही. पिकाने खरोखर घेतलेल्या पाण्यात ते मिळवून एकच बेरीज सांगणे हा या पद्धतीचा सर्वांत कच्चा दुवा होय.

मांजरेचा उगम बीड जिल्ह्यातला. धनेगावचे धरण, लातूर, बिदर अशी ती तेलंगणात येते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. एप्रिलमधील पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याच उन्हाळ्यात हैदराबादसाठी सिंगूर व मांजरा जलाशयही आटले. वरच्या अंगाला मात्र ऊस उभा होता. उसाच्या साखरेचे जागतिक सरासरी पदचिन्ह किलोमागे १,७८२ लिटर; त्यात धनेगावचा उल्लेख असण्याचे कारण नाही. ‘अवेअर’ येथे अधिक उपयोगी ठरते, पण तिलाही छप्पर आहे. मागणी उपलब्धतेच्या पुढे गेली की वजन १०० वर थांबते. तुटीचा साधा उन्हाळा आणि पाण्याची रेल्वे धावण्याचा उन्हाळा, दोन्हींना १००.

महाविद्यालयीन प्रकल्पात म्हणून एकच बेरीज मागू नये. हिरवे, निळे व करडे वेगळे लिहून घ्यावे, आणि निळ्यासमोर नदीचे नाव व महिना हे दोन रकाने सक्तीचे करावेत. कुकटपल्लीतील विद्यार्थ्याला तिसराही रकाना लागेल : पाणी नळाचे, कूपनलिकेचे की टँकरचे. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीतून येते, हे विचारण्यापासूनच त्याच्या प्रकल्पाची सुरुवात व्हावी.