लोट्याचा धडा

चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारास दिलेल्या अहवालातील लोट्याविषयीचा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. लोटा कमरेवर कसा बसेल, त्याचा तोल कसा राहील, खाली ठेविताना आवाज कसा होईल, किंमत काय पडेल, असे प्रश्न तेथे मांडिले आहेत. याच अहवालावरून १९६१ साली अहमदाबादेस नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन निघाली. परंतु शाळेत प्रश्न विचारावयास शिकलेल्या विद्यार्थ्याजवळ धंद्यात गिऱ्हाईक तयार उत्तर मागते, आणि पोटासाठी तो आपला प्रश्न गिळतो. अशा वेळी गुरूने त्याच्या पाठीशी उभे राहावे. मात्र त्याची पेन्सिल आपल्या हाती घेऊ नये. शिष्याने आपल्याहून निराळा लोटा घडविला, तरच गुरूचे शिकविणे सार्थकी लागले असे आम्ही समजतो.